खिशांतलें गाणें

गाणें ऐकावयाचें असेल तर ऐकणारानें गाण्याकडे जावें, हा आमच्या आजोबांच्या पिढीचा साधा नियम होता. देवळांत कीर्तन असलें कीं देवळांत जावें, कोणाकडे भजन बसलें कीं त्यांच्या ढाळजेंत जाऊन टेकावें. अंथरुणांतून न उठतां ऐकूं येई ती एकच वस्तु, पहांटेची जात्यावरची ओवी. आज गाणेंच उठून मनुष्याच्या खिशांत येऊन बसलें आहे. हें बरें झालें कीं वाईट, ह्याविषयीं दोन शब्द वाचकांपुढें ठेवावे असें बरेच दिवस मनांत होतें. परंतु धीर होत नव्हता. कारण ह्या प्रकरणांत आम्ही केवळ साक्षीदार नाहीं, आरोपीही आहों. तो भाग ओघानें पुढें येईलच.

आम्ही परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडचे. जन्म १९५९ सालचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढें शिक्षकाची पदविका आणि एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून झालेलें थोडें संस्कृत, एवढ्या शिदोरीवर जिल्ह्यांतील निरनिराळ्या गांवीं आम्हीं मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. गोदावरीच्या कांठचें आमचें गांव संत जनाबाईचें जन्मस्थान. जनाबाई लहानपणींच पंढरपुरास गेली, नामदेवांच्या घरीं दळणकांडण करीत राहिली, आणि दळतां दळतां गात राहिली. तेव्हां हातांत काम आणि सोबतीला गाणें, ही हौस हल्लींच्या तरुणांनींच काढली, असें निदान आमच्या गांवच्या मनुष्यानें तरी म्हणूं नये.

गाणें बरोबर घेऊन हिंडण्याची युक्तीही जुनीच आहे. शेगांवच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना परभणी-गंगाखेडावरून जाते. तींत वीणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा पाहावी. ती एकाच्या खांद्यावर असते, पण तिच्या नादावर सारी दिंडी चालते. वाहणारा एक आणि ऐकणारे सर्व, असा तो हिशेब आहे. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें बिघडलें तें ह्याच हिशेबांत बिघडलें.

यंत्राचें गाणें आपल्या देशांत १९०२ सालीं उतरलें. त्या वर्षीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेण्यांत आलें. पेटीसारखा मिटून हातांत नेतां येणारा ‘डेक्का’ ग्रामोफोन इंग्लंडांत १९१४ सालीं निघाला, आणि पहिल्या महायुद्धांत तो शिपायांबरोबर थेट खंदकांत गेला. तबकडी वाजावयाची तीन-साडेतीन मिनिटें, आणि किल्ली पुन्हां पुन्हां फिरवावयाची. परंतु ज्याच्याजवळ तो असे त्याच्याभोंवतीं दहा माणसें जमत. १९५४ सालीं अमेरिकेंत खिशांत मावेल असा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारांत आला. आमच्या घरीं ट्रान्झिस्टर यावयास मात्र १९७२ चा दुष्काळ सरावा लागला. वडिलांनीं पोस्टांत पैसे भरून त्याचा परवाना काढला होता. संध्याकाळीं ते तो ढाळजेच्या कोनाड्यांत ठेवीत, आणि आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरील शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकावयास आळींतील चार-पांच जण येऊन बसत. यंत्र लहान झालें होतें, पण वीणेचा हिशेब अजून मोडला नव्हता.

तो मोडला १९७९ सालीं. त्या वर्षीं १ जुलै रोजीं जपानांतील सोनी कंपनीनें ‘वॉकमन’ विक्रीस आणला. खिशांत यंत्र, यंत्रांत कॅसेट आणि कानांवर हेडफोन. ह्या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट आम्हांस फार उद्बोधक वाटते. त्याला हेडफोन जोडण्यासाठीं एक नव्हे, दोन भोंकें होतीं. आणि वर एक नारिंगी रंगाची कळ होती. ती दाबली कीं गाणें हळू होई व दोघां ऐकणारांस एकमेकांशीं बोलतां येई. चार माणसांत एकट्यानेंच कान झांकून ऐकणें हें असभ्यपणाचें दिसेल, अशी शंका त्या कंपनीचे धुरीण अकिओ मोरिता ह्यांना आली होती, म्हणून ही तजवीज. पण लोकांना ती नकोच होती. ज्यानें त्यानें आपापला वॉकमन घेतला आणि पुढील यंत्रांतून ती नारिंगी कळ नाहींशी झाली.

त्यानंतरची कथा वाचकांस ठाऊकच आहे. २००१ सालीं ॲपल कंपनीचा ‘आयपॉड’ आला. हजार गाणीं त्याच्या पोटांत. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें तो बंदही केला, कारण त्याचें काम मोबाईलनें गिळलें होतें. आमच्याकडे तर बाजाराच्या दिवशीं मोबाईलच्या दुकानांत नखाएवढें मेमरी कार्ड द्यावें आणि थोडक्या पैशांत तें गाण्यांनीं भरून घ्यावें, असा प्रकार बरींच वर्षें चालला. कापूस वेंचणाऱ्या बायांच्या ओट्यांत कपाशीबरोबर गाण्याचा डबाही आम्हीं पाहिला आहे. २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें ‘कारवां’ नांवाची पेटी काढली. ही कंपनी म्हणजे जुनी ग्रामोफोन कंपनीच. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र जिच्या तबकड्यांवर असे ती. पेटी दिसावयास जुना रेडिओ, पण आंत पांच हजार गाणीं.

आतां गुण सांगतों. ते मनापासून सांगतों, कारण आमच्या घरानें ते भोगले आहेत.

आमची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. कांचबिंदूनें तिचे दोन्ही डोळे गेले, त्याला आज आठ वर्षें झालीं. डोळस मनुष्याची रात्र सहा-सात तासांची असते. आंधळ्या म्हाताऱ्या माणसाची रात्र केव्हां सुरू होते आणि केव्हां संपते, ह्याचा पत्ताच लागत नाहीं. आमचा मुलगा पुण्यास असतो. त्यानें एका दिवाळींत आजीसाठीं वर सांगितलेल्या धर्तीची एक पेटी आणली. कोणती कळ कोठें आहे हें आईनें दोन दिवसांत बोटांनीं पाठ केलें. रात्रीं दोन वाजतां तिला अभंग हवा झाला तर कोणास उठवावें लागत नाहीं, कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहींत. ज्याला प्रत्येक गोष्टीसाठीं दुसऱ्याचा हात धरावा लागतो, त्याला एक तरी गोष्ट आपल्या बोटानें सुरू करतां येणें, हें सुख केवढें आहे तें ज्याचें त्यासच माहीत.

दुसरा गुण असा कीं, ह्या यंत्रानें अंतर तोडलें. गंगाखेडच्या प्राथमिक शिक्षकास भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर समोर बसून ऐकावयास मिळाव्या, हें त्याच्या पगारांत बसणारें नव्हतें. आज शेताच्या बांधावर बसून तो आनंद घेतां येतो. वीज नसली तरी घेतां येतो. भारनियमनाच्या दिवसांत बारा-बारा तास अंधारांत काढलेल्या मराठवाड्यांतील मनुष्यास ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. तिसरा गुण शिकणाराच्या उपयोगाचा. एकच तान शंभर वेळां ऐकतां येते, आणि गुरु एकदांही रागावत नाहीं. चौथा गुण शेजारधर्माचा. रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत लाउडस्पीकर लावूं नयेत, असा नियम २००० सालीं सरकारला करावा लागला. कानांतल्या गाण्यासाठीं कोणास तक्रार अर्ज करावा लागत नाहीं.

अवगुण मोजतांना पहिला कानांचाच घेऊं. अंतर्कर्णांत केंसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. ध्वनि मेंदूकडे पोंचविण्याचें काम त्यांचें. मोठ्या आवाजानें त्या एकदां मेल्या कीं माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल आवाजांत आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणें चालेल. पण आवाज ९० डेसिबलवर गेला कीं ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. केवळ दहांचा फरक म्हणून वाचकांनीं हंसूं नये. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते.

दुसरा अवगुण स्मृतीचा. ज्या देशांत पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा युक्त्या करून अवघा वेद मुखांत सांभाळला, तेथील मुलांस हल्लीं एक आरतीही पुरी येत नाहीं. गाणें खिशांत आहे, मग डोक्यांत कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. तिसरा अवगुण ऋणाचा. कार्डांत फुकट भरलेल्या गाण्याबद्दल गाणाराला, रचणाराला, साजिंद्याला दमडी पोंचत नाहीं. ज्याच्या स्वरानें आपली रात्र सरली त्याचेंच देणें बुडवावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

येथवर जें लिहिलें तें कोणीही शहाणा मनुष्य लिहील. खरा अवगुण आम्हांस पुस्तकांत सांपडला नाहीं. तो आमच्याच घरांत, भर दुपारीं सांपडला.

आमचा नातू सुटींत येई तो कानांत इअरफोन घालून. जेवावयास हांक मारली तरी त्यास ऐकूं जात नसे. एका दिवाळींत आम्हीं त्याला समोर बसवून ह्या विषयावर चांगलें अर्धा तास व्याख्यान दिलें. पोरगें गुणी, मान खालीं घालून ऐकलें. जातांना त्यानें स्वतःचा जुना प्लेअर, दोन बोटें रुंद एवढाच, आमच्या हातांत ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हांला आवडतात तीं नाट्यपदें भरलीं आहेत. एकदां ऐकून तर पाहा.” आम्हीं ऐकलीं. आणि खरें सांगावयाचें तर, वाचकहो, महिन्याभरांत आम्ही नातवाच्याही पुढें गेलों. लहानपणीं शेजारच्या घरांतील रेडिओवर भिंतीला कान लावून जीं पदें तुकड्यातुकड्यांनीं ऐकलीं होतीं, तीं आतां जणूं आमच्या मस्तकांतच कोणी बसून गात होतें. दुपारचीं जेवणें झालीं कीं ढाळजेंत आरामखुर्ची टाकावी, दोन्ही कान बंद करावे, आणि डोळे मिटावे.

चैत्राचे दिवस होते. सौ. शेजारीं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास गेली होती. जातांना बजावून गेली कीं, आईंकडे लक्ष असूं द्या. आई माजघरांत पडली होती. आम्ही ढाळजेंत, माजघराकडे पाठ करून बसलों होतों. एक पद झालें, दुसरें झालें. किती झालीं तें आठवत नाहीं. शेवटीं बॅटरी उतरली, गाणें मध्येंच तुटलें, म्हणून आम्हीं कानांतून बोंडें काढलीं आणि मागें वळून पाहिलें.

आई उंबरठ्यापाशीं जमिनीवर बसली होती. पाठ चौकटीला टेकलेली. उजवा हात डाव्या हातांत धरून मांडीवर घेतलेला. आमची चाहूल लागतांच तिनें तोंड वर केलें आणि विचारलें, “झालं का रे गाणं तुझं?”

तिला पाण्याची तहान लागली होती. तिनें हांका मारल्या. उत्तर येईना, तेव्हां भिंत चांचपीत स्वतः उठली, आणि ज्या उंबरठ्यावरून सत्तर वर्षें ये-जा केली त्यालाच ठेंचाळून पडली. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. आम्हीं विचारलें, “आई, पडल्यावर ओरडली कां नाहींस?” ती म्हणाली, “तीन हांका मारल्या. मग म्हटलं, कांहीं तरी चांगलं ऐकत असेल, असूं दे.”

तिच्यापासून आम्ही दहा पावलांवर होतों. तिला दिसत नाहीं, म्हणून कानांवर जगते. आणि आम्हांला देवानें दोन्ही धड दिलें असतां आम्हीं एक मिटून घेतलें होतें आणि दुसरें बुजवून टाकलें होतें. परभणीस नेलें, मनगट मोडलें होतें. सहा आठवड्यांचें प्लॅस्टर. त्या रात्रीं दिवाळींतलें आमचें अर्ध्या तासाचें व्याख्यान आम्हांस शब्दशः आठवलें. नातवास पत्र लिहावयास बसलों, दोन ओळी लिहून फाडलें. मग फोन करून जें झालें तें सरळ सांगितलें. पलीकडे तो बराच वेळ गप्प होता.

संस्कृतांत दिव्याचे दोन न्याय आहेत. एक देहलीदीपन्याय. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर दिवा ठेवला म्हणजे आंतही उजेड पडतो, बाहेरही पडतो. दुसरा घटदीपन्याय. तोच दिवा घागरींत ठेवला तर घागर आंतून लख्ख होते, आणि घरांत अंधार तो अंधारच. दिवा तोच, तेल तेंच, वातही तीच. आम्हीं वर्षानुवर्षें हे न्याय फळ्यावर लिहिले, मुलांकडून पाठ करविले. त्यांचा अर्थ मात्र आम्हांस आईच्या मोडलेल्या मनगटानें शिकविला. आईची पेटी हा उंबरठ्यावरचा दिवा होता: रात्रीं ती अभंग लावी, तर पलीकडल्या खोलींत आमचीही झोंप गोड होई. आमचा प्लेअर हा घागरींतला. तेव्हां ह्या यंत्राचे गुण कोणते आणि अवगुण कोणते, हा प्रश्नच आम्हीं उलटा मांडला होता. त्याला स्वतःचा गुणही नाहीं, अवगुणही नाहीं. तें कोठें ठेवलें, एवढाच प्रश्न.

आतां उरलेली हकीगत सांगून संपवितों. उजवा हात प्लॅस्टरमध्यें, डाव्या हाताला कळांची संवय नाहीं, म्हणून आईची पेटी बंद पडली. लावून देऊं का विचारलें तर ती म्हणे, “नको, तुला किती वेळां उठवूं?” आम्ही दुपारीं तिच्याजवळ बसूं लागलों, बसण्यावांचून दुसरें प्रायश्चित्त आम्हांस सुचलें नव्हतें. तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं ती आपल्याशींच गुणगुणूं लागली. कान देऊन ऐकलें तों जात्यावरची ओवी! तिच्या आईची, माहेरची. भावाची वाट पाहणारी, गंगेच्या पुराची, जनीच्या दळणाची. जातें आमच्या घरांतून चाळीस वर्षांपूर्वींच माळ्यावर गेलें, आणि ओव्याही त्याबरोबर गेल्या असें आम्ही धरून चाललों होतों. पांच हजार गाण्यांच्या पेटींत ह्यांतली एकही नव्हती. आणि पेटी आल्यापासून आईला कोणीं ‘तूं एक म्हण’ असें म्हटलें नव्हतें, हेंही तेव्हांच ध्यानांत आलें.

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या ध्वनीसह लोकांपुढें ठेवीत आहे, हें आम्हीं पूर्वीं वाचलें होतें. वाचून मान डोलविली होती. आपल्याच माजघरांत तो ठेवा अंधारांत पडला आहे, हें मात्र मनांत आलें नव्हतें.

मे महिन्यांत नातू आला. त्यानें कानांतले इअरफोन काढून खिशांत ठेवले, पणजीच्या उशाशीं मोबाईल ठेवला आणि रोज थोड्या थोड्या करून एकेचाळीस ओव्या उतरवून घेतल्या. सगळ्या पुऱ्या नाहींत. कित्येकींची पहिली ओळ आहे, दुसरी गेली. एकीची दुसरी ओळ सौ.नें सुचविली, तर ती जिंतुराकडची निघाली. आईनें ती साफ नाकारली आणि दोघींचा त्यावरून अर्धा तास वाद झाला. तोही मोबाईलमध्यें उतरला आहे. जें यंत्र आम्हीं व्याख्यानांत शत्रु म्हणून उभें केलें होतें, त्यानेंच हें काम केलें, हें येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

आतां आमच्या घरचे नियम दोनच आहेत. घरांत दुसरें कोणी असतांना दोन्ही कान बुजवावयाचे नाहींत. एक कान घराचा. आणि आईची पेटी माजघर आणि ढाळज ह्यांच्या मधल्या चौकटीजवळच्या कोनाड्यांत, वडिलांच्या ट्रान्झिस्टरसारखी. आईचा हात बरा झाला, पण बोटांत पूर्वीचा जोर नाहीं. कळ आम्ही दाबतों. प्लेअर आम्हीं टाकून दिलेला नाहीं. रात्रीं सर्व निजल्यावर, एका कानानें, अजूनही ऐकतों.

परवां संध्याकाळीं दिवेलागण झाल्यावर आम्हीं नेहमींप्रमाणें विचारलें, “आई, पेटी लावूं का?”

ती म्हणाली, “थांब जरा. आधीं माझं होऊं दे.”